अडखळलं की एक शिंप

मैथिली मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी निरीक्षणाचं प्रपत्र भरायचे, तेव्हा मनातून मला एकच हवं असायचं. तिचं काहीतरी चुकावं. खोटं कशाला बोलू.

काम माझं मदतीचं. विषय साधन व्यक्ती म्हणतात आम्हाला. पंधरा शाळा, एक स्कूटी, आणि नेमणूकपत्रात लिहिलेलं: पहिली-दुसरीच्या शिक्षकांना अध्यापनात साहाय्य करणे, पालकांना शाळेशी जोडणे. शिक्षकभरतीची परीक्षा मी आणि मैथिलीने एकाच वर्षी दिली. तिला माझ्याहून दोन गुण जास्त. त्या दोन गुणांवर तिला कायमची नोकरी, दिघीच्या अलीकडची खाडीकाठची शाळा आणि दोन वर्गांची पोरं. मला दर मार्चला संपणारा करार. जिला नोकरी मिळाली नाही तिने मिळालेलीला शिकवायचं कसं ते दाखवायचं, ही अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा भेटायचंय मला.

ती किहीमची. घरची नारळाची वाडी, वडील हेडमास्तर, आजोबाही हेडमास्तर. मी तळ्याची, डोंगराकडच्या गावची. माझी आई अंगठा लावते. शाळेत पालकसभा असली की ती मुद्दाम शेतावर जायची. "मला काय कळतं त्यातलं," म्हणायची आणि चालू लागायची.

यंदा फेब्रुवारीत केंद्रप्रमुख दिनानाथ सरांनी मला बाजूला घेतलं. "जागृती मॅडम, जिल्ह्याला दाखवण्यासारखं एक तरी काम पाहिजे तुमच्या नावावर. नाहीतर पुढच्या वर्षीचं मी काही बोलू शकणार नाही."

चौदा शाळा फिरले. सगळीकडे तेच रंगीत तक्ते, तेच हात धुवा. पंधरावी मैथिलीची. बुधवारी सकाळी दहाला पोचले तर दुसरीचे बाक रिकामे. पहिलीची पोरं तेवढी पाटीवर काहीबाही गिरवत होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायला खिचडीवाल्या बाई. "दुसरी बांधावर हाय," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला. वर्ग सोडून बाहेर. सापडली, म्हटलं.

बांधावर गेले. ओहोटी होती, खाडी पार मागे गेलेली. बायका कालवं काढून आणून बांधावर फोडत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या शेजारी तिचं पोर आणि पोराच्या मांडीवर उघडं पुस्तक. सात वर्षांची हेमाली तिच्या आजीला, कृष्णाबाईला, कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवत होती. कृष्णाबाईचे हात कालवांत. हेमाली एका शब्दाला अडखळली, तशी म्हातारीने वरही न बघता एक रिकामी शिंप बाजूला टाकली.

"आजी, तुम्हाला वाचता येतं?" मी विचारलं.

"न्हाय बा. पन पोरगी अडकली त्ये ऐकू येतं ना. मॅडमनी सांगितलंय, अडकली की एक शिंप बाजूला. काल सात व्हत्या. आज चारच."

मैथिली एकेका जोडीपाशी जाऊन शिंपांचे ढीग बघत होती. एक-दोन दिसल्या की पुढे. ढीग मोठा दिसला की तिथे चिखलाची पर्वा न करता बसकण. पालकसभा, तपासणी, शिकवणं, सगळं एका ढिगात.

"कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं हे?" मी विचारलं. आवाज कोरडा ठेवला.

"कुठल्याच नाही हो. आया सभेला येईनात. म्हटलं, मग आपणच जाऊ. हात मोकळे नसतात त्यांचे, कान तर असतात."

इतक्या सहज. माझ्या आईलाही कान होते. ती चुलीपुढे भाकऱ्या थापताना मी शेजारी बसून वाचायचे आणि ती म्हणायची, "जा बाहेर जाऊन वाच, मला काय कळतंय." तिच्या हातात कोणी एक शिंप दिली असती, तर ती पळाली नसती. हे मला सुचायला हवं होतं. अंगठेवालीची पोर मी, आणि सुचलं हेडमास्तरच्या नातीला.

वहीत लिहिलं: सकाळी दहा, बांध, शिंपा. दुपारी घरी येऊन अहवाल टाइप केला. संकल्पना जागृती, अंमलबजावणी जागृती. मैथिलीचं नाव कुठेच नाही. दिनानाथ सरांनी तो पुढे पाठवला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. पुढच्या बुधवारी जिल्ह्याहून दोन साहेब बघायला येणार.

मैथिलीला सांगितलं, "साहेब येणारेत. तुम्ही पहिलीला घेऊन वर्गातच थांबा. दुसरीला मी परिसरभेटीला नेते."

"कुठे?"

"आहे जवळच."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," म्हणाली.

बुधवारी दहाला मी पुढे, मागे दुसरीची अकरा पोरं, त्यांच्यामागे दिनानाथ सर आणि दोन साहेब. बांधावर चढले.

पाणी. बांधाच्या तोंडाशी लागलेलं, फुगलेलं पाणी. बाई एकही नाही.

"माता कुठायत?" एका साहेबांनी विचारलं.

बांधाला लागूनच कृष्णाबाईचं घर. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, बाजूला टोपलीत कालच्या शिंपा. तिथूनच म्हणाली, "भरतीला कालवं कोन काढतंय, मॅडम? त्याला मासं व्हावं लागंल."

पोरं हसली. एक साहेबही हसले.

"अहो, गेल्या बुधवारी दहालाच तर..."

"गेल्या बुधवारी पंचमी व्हती. आज बारस. दर्या काय तुमच्या घड्याळावर चालतो व्हय?"

तळ्याच्या पोरीला दर्याचं गणित कुठून माहीत असणार. आमच्याकडे पाणी नळाला येतं आणि ते रोज ठरल्या वेळी येतं.

तेवढ्यात हेमाली मैथिलीचा हात धरून तिला ओढत आणताना दिसली. कार्टी कधी सटकली कळलंच नाही. दिनानाथ सरांनी मैथिलीच्या हातात अहवाल दिला. "जरा बघा, मॅडम. ह्या जागृती मॅडमचा उपक्रम. आज काय गडबड झालीये?"

तिने पहिलं पान वाचलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले, परत वर आले, नावापाशी थांबले. मग तिने कागद नीट घडी करून सरांना परत दिला.

"गडबड काही नाही, सर. ओहोटीला बांधावर, भरतीला ओट्यावर. आज ओट्यावरचा दिवस. जागृती मॅडमनी तसंच ठरवलं होतं. या, बसा ना."

साहेबांनी माना डोलावल्या. कृष्णाबाईने सुपासकट सरकून जागा केली. हेमालीने पुस्तक उघडलं. मी बचावले होते. करार, नाव, सगळं.

आणि तेच मला सहन होईना. दोन गुण तिलाच जास्त, कल्पना तिलाच सुचलेली, आता मोठेपणाही तिचाच? ही माझ्यावर उपकार करून शांतपणे वर्ग घेणार आणि मी जन्मभर मागच्या बाकावर बसून तिचं प्रपत्र भरणार? प्रामाणिकपणा वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं. तिला हे एवढं मिळू द्यायचं नव्हतं, बस्स.

"सर," मी म्हटलं, "हे... हे माझं नाही. मैथिली मॅडमचं आहे. मी गेल्या बुधवारी बघितलं आणि... म्हणजे, उतरवून घेतलं. त्यांना मी... विचारलंही नाही. आज... ओट्यावर असं काही ठरलं नव्हतं. त्या आत्ता... मला झाकतायत."

दिनानाथ सरांनी अहवाल बॅगेत टाकून चेन ओढली. "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो."

ते साहेबांना घेऊन शाळेकडे निघाले. मैथिली मागे राहिली. तिला चिडलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"कशाला बोललात?"

"तुमचं होतं म्हणून."

"मी दिलं होतं ना तुम्हाला."

"म्हणूनच."

ती पोरांना घेऊन गेली. मी ओट्याच्या कडेला उभी. कृष्णाबाईने सूप खाली ठेवलं आणि बोटाने दाखवलं. टोपलीतल्या शिंपा तिने कधी बाजूला काढल्या होत्या कोण जाणे.

"पाच येळा अडकलीस, मॅडम."

"चार," मी म्हटलं.

"मोज."

मी वाकून मोजल्या. पाच होत्या.