टेपवरची बाई

ताराला साक्षीला उभं करायचं मोरोपंत वकिलांनी ठरवलं, ते ती अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती म्हणून. बहिणीच्या शब्दाला कोर्टात वजन नसतं, शास्त्र शिकलेल्या बाईच्या शब्दाला असतं, असा त्यांचा हिशेब.

खटला तिच्या भावावर, कमलाकांत इंजिनिअरवर, अकोल्यात चालला होता. त्याने पास केलेला नाल्यावरचा बांध पहिल्याच पुरात फुटला आणि खाली गुरं वळणारा श्रावण वाहून गेला. नंतर श्रावणच्या मालकाने, खुशालरावांनी, कमलाकांतच्या घरी फोन लावला आणि भजनांसाठी घेतलेला टेपरेकॉर्डर रिसिव्हरजवळ चालू ठेवला. टेपवरचा माणूस कबूल करत होता, की बांध न पाहताच ऑफिसात बसून सही केली. कमलाकांतचं म्हणणं, आवाज माझा नाही. कोणाला तरी बोलायला बसवून टेप तयार केली आहे. एक्स्चेंजमार्फत परगावाहून लावलेल्या त्या ट्रंक कॉलची जुनी नोंद आता कुठे उरलेली नव्हती. आवाज त्याचा ठरला तर तुरुंग चुकत नव्हता.

ताराने भावाला काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. टेलिफोनच्या तारेतून येताना आवाजातले फार खालचे आणि फार वरचे स्वर गळून पडतात, तेव्हा नुसत्या कानाने केलेली ओळख खात्रीची नव्हे, एवढंच तिला सांगायचं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तिने ते सांगितलं. मोरोपंत समाधानाने खाली बसले.

मग सरकारी वकिलांनी टेप लावली. आवाज पुरता मोठा केला. माणूस बोलत होता आणि तारा पिंजऱ्याच्या कठड्याकडे पाहत होती. मध्येच त्याच्या मागून, लांबून, एक बाई म्हणाली, "दादा, आई सोवळ्यात आहे. पाट तूच मांड."

मोरोपंतांनी हे आधी ऐकलं होतं. पण ट्रंकवर दुसऱ्याची लाइन मिसळणं नेहमीचंच, म्हणून सोडून दिलं होतं. सरकारी वकिलांनी मात्र विचारलं, ही बाई तुमच्या घरातली का?

ताराने मनापासून आठवून पाहिलं. पातळ, जरा नाकातला, शेवटी चढणारा आवाज. असं बोलणारी कोणी तिच्या ओळखीत नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "ही कोण, मला माहीत नाही."

मागच्या बाकावर श्रावणची आई, पार्वताबाई, बसली होती. ती सावकाश म्हणाली, "आता वं माय. थे तूच तं हायेस. सोताचा आवाज वळखू नाही येत काय तुले?"

पट्टेवाल्याने तिला गप्प केलं. पण न्यायाधीशही ताराकडेच पाहत होते.

दरवर्षी ध्वनीच्या धड्याला तारा वर्गात सांगायची: आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून बाहेरून ऐकला तर तो परका वाटतो. कॉलेजात टेपरेकॉर्डर नव्हता. धडा तिने पुस्तकावरूनच शिकवला होता.

तिने टेप पुन्हा लावायची विनंती केली. बाई पुन्हा बोलली आणि पुन्हा परकीच वाटली. वाक्य तेवढं ओळखीचं होतं. वडिलांच्या श्राद्धाला स्वयंपाकघराच्या दारातून, फोनपाशी उभ्या असलेल्या दादाला ती ते म्हणाली होती.

मोरोपंत उठले. साक्षीदाराने उत्तर दिलेलं आहे, तिला आवाज ओळखता आलेला नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. तेही खरंच होतं. तिथे थांबली असती तर कोणी तिला दोष दिला नसता.

"मघाचं उत्तर चुकलं," ती न्यायाधीशांना म्हणाली. "आवाज मला अजूनही ओळखता येत नाही. पण वाक्य माझं आहे. ती मीच."

"आणि दादा कोण?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मला एकच भाऊ आहे."

साक्ष वाचून दाखवली गेली. बरोबर आहे म्हणून तिने सही केली. जेवणाच्या सुट्टीत कमलाकांत व्हरांड्यात तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आईला तूच सांग," तो म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली.