तिसऱ्या रहस्यातली अकरावी

आजी गेल्याच्या सातव्या दिवशी भर घरात माझी फजिती झाली, आणि ती आजीनेच केली, असंच मला तेव्हा वाटलं.

आजी म्हणजे सिस्का आजी. कागदोपत्री फ्रान्सिस्का. कोर्लईतल्या आमच्या घरात रोज तिन्हीसांजेला रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, व्हायची आणि ती तीच सांगायची. घरात पाहुणे असोत, लाईट गेलेली असो, क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असो, तिला फरक पडत नसे. टीव्ही बंद करून ती माळ हातात घेई आणि आम्ही नातवंडं तोंडं वाकडी करत गुडघ्यांवर बसत असू. दहावीपर्यंत मी तिच्याकडेच शिकायला होते, त्यामुळे माझे गुडघे सगळ्यांत जास्त झिजले.

रोजरीत पाच रहस्यं असतात आणि प्रत्येक रहस्यात दहा वेळा 'नमो मारिया' म्हणायचं. सांगणारी पहिली अर्धी प्रार्थना म्हणते, बाकीचे उरलेल्या अर्ध्याने जाब देतात. आजी खिडकीकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगायची. आम्ही पोरं जाब पुटपुटायचो, कधी संपतंय याची वाट बघत.

जाण्याआधी तिने बजावलं होतं, "पेटीत माझ्या हातात नवी माळ द्या. ही घरात ऱ्हाऊ दे." का, ते कुणी विचारलं नाही. ही म्हणजे तिची काळ्या लाकडी मण्यांची जुनी माळ, तिसऱ्या रहस्यात काही मण्यांच्या जागी सुताच्या गाठी असलेली. सातव्या दिवशी रोजरी सांगायचं काम माझ्यावर आलं तेव्हा मी तीच माळ घेतली.

तिसऱ्या रहस्यात दहा झाल्या आणि मी पुढची सुरू केली. घरच्यांनी नेहमीप्रमाणे जाब दिला. पाहुणे मात्र त्याच क्षणी दहानंतरचं 'पित्याला, पुत्राला' म्हणू लागले. दोन प्रार्थना एकमेकींवर आदळल्या आणि रोजरी मध्येच अडली.

"दहा असतात, लिदू," फिलोमिना टीचर म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना धर्मशिक्षण दिलं आहे, मलाही दिलं. जाताना दारात त्यांनी माझा हात धरला. "सिस्काबाई बिचारी शिकलेली नव्हती गं. भाव महत्त्वाचा."

ते 'बिचारी' मला असं झोंबलं की मी त्यांना चहाही विचारला नाही. घरातल्या कुणालाच आजवर काही खटकलं नव्हतं. आमच्या घरात तिसऱ्या रहस्यात अकरा असतात, बस्स. आपल्याकडे अशीच पद्धत, असं बाबाही म्हणाले. पण आजीला येशूचा सगळा दुःखभोग तोंडपाठ होता, चुकलेलं स्तोत्र ती गाणाऱ्याला मध्येच थांबवून सुधारायची. तिला दहा मोजता येत नव्हते? आणि येत होते, तर इतकी वर्षं चुकीचं का म्हणाली?

मी पनवेलला एका लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मोजणीतली चूक मला सहन होत नाही. पुढचे तीन आठवडे ती माळ माझ्या पर्समध्ये होती. एसटीत, कँटीनमध्ये, रिपोर्टची वाट बघत बसलेल्या लोकांसमोर मी ती चाचपायची. आठ मणी, तीन गाठी. अकरा. कुणावर तरी राग काढावा असं वाटायचं आणि कुणावर ते कळायचं नाही. त्यात आजीला महिना होतो तेव्हाच्या देवळातल्या मिस्साच्या आधी टीचरचा मेसेज आला: 'लिदू, यावेळी दहा. बाहेरगावचे लोक येतील.' खाली हात जोडलेले.

शनिवारी घरी आले ती ठरवूनच. एक गाठ सोडवायची. माळ बरोबर होईल, उद्या रोजरी बरोबर होईल आणि माझ्या आजीला पुन्हा कुणी बिचारी म्हणणार नाही. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, माळ ताणून धरली. हात पुढे जाईना. कात्री ठेवली. परत उचलली. शेवटी माळ आणि कात्री दोन्ही घेऊन मी किनाऱ्यावर चालत सुटले.

आवडाबाई वाळवणाच्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगत होत्या. आजीची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री. एक रोजरीवाली, एक गौरी मांडणारी, पण एकमेकींच्या सणाला दोघी हजर. माझ्या हातातली कात्री बघून त्यांनी बोंबील खाली ठेवला.

"काय कापतेस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले, माळ डोळ्यांजवळ नेली आणि गाठींवरून अंगठा फिरवला.

"ही जाल्याची गाठ हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजीला कुठं जालं इनता येत व्हतं? म्हाताऱ्याला इचार. आनि ती कातर दे इकडं."

म्हातारा म्हणजे आमचे आजोबा, बस्त्याव. वय एक्याऐंशी. त्यांचा धाकटा भाऊ पास्कोल चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच होडीवरून वादळात गेला आणि सापडला नाही. तेव्हापासून आजोबा लग्नाला आणि मयताला सोडून देवळाची पायरी चढले नव्हते. रोजरी सुरू झाली की ते बाहेर ओट्यावर, खिडकीखाली, घराकडे पाठ करून जाळं विणत बसायचे. आजीने त्यांना आत बोलावलेलं मी कधी ऐकलं नाही. आम्हाला तो अगदी नेहमीचा देखावा होता.

आताही ते तिथेच होते. जाळं नव्हतं, नुसतेच बसले होते. मी माळ त्यांच्या मांडीवर ठेवली.

"या गाठी तुम्ही मारल्या?"

त्यांनी माळ उचलून उजेडात धरली. "पास्कोल गेला त्या सालची गोष्ट. माळ तुटली. दोन मनी गेले कुठंतरी. तिनं माझ्याकडं दिली. मी तीन गाठी मारल्या. जाल्याची सवय, हात थांबला न्हाय."

"आजीला कळलं नाही?"

"त्याच सांजेला कळलं. मी म्हटलं आन, एक सोडतो. तर म्हनाली, ऱ्हाऊ द्या. दहा मारियेच्या. ही एक तुमची." आजोबांनी गाठ चिमटीत धरली. "म्हनाली, तुमचा देवाशी अबोला हाय ना, मग तुमच्या वतीनं रोज एक मी बोलते. तुमचं तुमी बोलाल त्या दिवशी सोडा गाठ."

"मग तुम्ही कधीच..."

"न्हाय बोललो," ते म्हणाले. "ती बोलत व्हती ना."

मी रडले. रागाचंही रडू होतं त्यात. आमच्या डोक्यावरून रोज या दोघांचं काहीतरी चाललं होतं आणि आम्ही गुडघे चोळत बसलो होतो. हे मी टीचरना सांगू शकले असते, पण ते त्या दोघांचं होतं. उद्या किती म्हणायच्या, हे मात्र अजून ठरत नव्हतं.

रविवारी मिस्सानंतर रोजरीला घर भरलं. पहिलं रहस्य, दुसरं रहस्य. तिसरं सुरू झालं. आठ मणी संपले. पहिली गाठ, दुसरी गाठ. दहा. फिलोमिना टीचर माझ्याकडे बघत होत्या. तिसरी गाठ माझ्या बोटांत होती. दहा बरोबर होतं. अकरा माझं नव्हतं. मी थांबले.

"नमो मारिया, कृपापूर्णे," खिडकीबाहेरून आवाज आला.

घोगरा, बेसूर आवाज. आजी जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास घेत, ती जो शब्द ओढायची तोच ओढत. अर्धी प्रार्थना झाली आणि आजोबा थांबले. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलं. मग कळलं की पुढचं ते विसरूनच गेले होते. चाळीस वर्षं त्यांनी फक्त तिची अर्धी ऐकली होती; आमचं पुटपुटणं खिडकीबाहेर पोचतच नव्हतं.

जाब पहिल्यांदा दिला तो फिलोमिना टीचरनी. मग सगळ्यांनी दिला.

पाहुणे गेल्यावर मी माळ घेऊन ओट्यावर गेले. "आजोबा, सोडायची का आता गाठ?"

"कशाला?" त्यांनी माळ माझ्या हातातून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "तू उद्या पनवेलला जानार. तुझा बापूस जानार. मग जाब कोन देनार?" ते थोडे सरकले आणि त्यांनी मला बसायला जागा केली. "तिची अर्धी मी म्हनेन. ती तुमची अर्धी मला शिकव."