चेतकच्या पायातला काळा दोरा

आमचे हे नौदलातून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मला वाटलं, चला, आता माणूस एका जागी बसेल. कसलं काय! पायाला भिंगरी ती भिंगरीच. टोमॅटोच्या वावरात उभे असले तरी मान वर. एखादं विमान गेलं की हातातलं खुरपं टाकून बघत राहायचे, आणि ते दिसेनासं झालं की सगळ्या जगाचा राग माझ्या कालवणावर काढायचे.

शेवटी ह्यांनी लाकूड हातात घेतलं. शिवणीच्या झाडाचं, हलकं, कोरायला सोपं. त्यातून नौदलाची हेलिकॉप्टरं निघायला लागली. पोटाशी जड असलेलं सी-किंग, एकावर एक दोन पंख्यांचं कामोव्ह. पिंपरी पेंढारची माणसं मुद्दाम बघायला यायची आणि जाताना हसायची. आमच्या सासूबाई गोजरबाई तर तोंडावर म्हणायच्या, "रिकामा न्हावी अन् भिंतीला तुंबड्या लावी." मलाही हसू यायचं, पण कालवणावरचा राग कमी झाला होता, म्हणून मी गप्प.

यंदाचं चेतक हेलिकॉप्टर मात्र हौसेचं नव्हतं. ते चिमाजीसाठी होतं.

चिमाजी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीचा. भाताच्या खाचरात वाढलेला माणूस, नौदलात जाईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. हे आणि तो एकाच जहाजावर, एकाच चेतकवर होते. ह्यांच्याकडे इंजिन, चिमाजी डेकवर. उन्हाळ्यात चिमाजीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि ओळखही गेली. हे भेटायला गेले तर तो भिंतीकडे बघावं तसा ह्यांच्याकडे बघत राहिला. त्याची बायको साळुबाई म्हणाली, "मलाच वळकीत न्हाई भाऊ, तुमाला कुठून वळकंल?"

घरी येऊन हे जेवले नाहीत. सकाळी ओसरीवर लाकडावर पटाशीचा आवाज सुरू झाला.

"मला नाय वळखलं तर नाय," म्हणाले, "पर तिला वळखील तो. आमची चेतक हाय ती."

तेव्हापासून घरात शांतता म्हणून नाही. हे रात्री झोपेत पंख्याची पाती मोजायचे, दिवसा साळुबाईला फोन करायचे. तिकडून रोज तेच उत्तर. मग पुन्हा पटाशी. कोरता कोरता त्या हेलिकॉप्टरची सगळी कुंडली मला ऐकवायचे, इतकी की मला पाठ झाली. बंगळूरला जन्मली. आधी गोव्याला, मग जहाजावर. वादळात फुटलेल्या मच्छीमार बोटीवरून माणसं दोरानं उचलून आणली. त्सुनामीत बेटांवर पाण्याच्या बाटल्या टाकल्या. म्हातारी झाली तेव्हा तिचे भाग काढून दुसऱ्या मशीनना लावले आणि उरलेला सांगाडा भंगारात गेला. हे सांगताना ह्यांचा आवाज जायचा. माझ्या बाळंतपणात गेला नव्हता एवढा.

चिमाजीचं काम काय, तेही ऐकलं होतं. जहाज हलतं, म्हणून हेलिकॉप्टर डेकला बांधून ठेवतात. चाकांच्या पायांना पट्टे असतात. उडायच्या वेळी चिमाजी ते सोडायचा आणि हातात उंच धरून पायलटला दाखवायचा, की बघ बाबा, सगळे सुटले. पायलटनं ते बघून अंगठा वर केल्याशिवाय चिमाजी तसूभर हलायचा नाही. मग वाकून, जवळ कोणी असेल त्यालाही वाकवून, पंख्याखालून बाहेर पडायचा.

"आमी म्हशीला सोडताना कुणाला दावं दाखवत बसत नाय," मी म्हणाले होते.

"म्हस उडत नाय," हे म्हणाले.

नवरात्रात चेतक पुरं झालं. राखाडी रंग, पुढं बाटलीच्या प्लास्टिकची गोल काच, वर सागाचा तीन पात्यांचा पंखा. खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे कोयता, खुरपी, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ओसरीवर चेतकही होतंच. ह्यांच्या हातचं काम, मग त्याला वगळू कसं? नाकावर चांगलं बोटभर हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पाणी ओवाळलं.

रंग अजून ओला होता.

असा आरडाओरडा मी लग्नापासून ऐकला नव्हता. "अगं, ही काय खुरपं हाय का? नौदलाची मशीन हाय! चिमाजीनं असलं बरबटलेलं नाक बघितलं तर काय वळखणार?" मला रडूच आलं. काय चुकलं होतं माझं? ज्याच्यावर आपलं पोट, ज्याच्यावर आपला जीव, त्याची पूजा करायची, हेच तर शिकलो आम्ही. ह्यांनी नाक तासलं, घासलं, पुन्हा रंगवलं, आणि आम्ही दसऱ्यानंतर निघालो.

निघताना माझं मन मात्र धड नव्हतं. एवढ्या मेहनतीच्या वस्तूवर एवढी ओरड झाली, म्हणजे दृष्टच लागली म्हणायची. हे गाडी पुसत होते तेवढ्यात मी चेतकच्या पुढच्या चाकाच्या पायात काळा दोरा बांधला. वासराला बांधतो तशी सरकगाठ. मला दुसरी येत नाही.

मोटरसायकलवर मागं मी, मांडीवर टोमॅटोचा क्रेट, क्रेटमध्ये जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चेतक. नारायणगाव येईपर्यंत ह्यांनी कितीदा गाडी थांबवली! "हललं का? पातं घासतंय का?" घोडेगावात चहा घेतला तर बशी हातात तशीच. धरणाचं पाणी दिसायला लागलं तसे हे आणखीच अस्वस्थ. "न्हाईच वळखलं तर काय करायचं गं?" पहिल्यांदाच मला विचारलं. मी पाठीवर हात ठेवला.

चिमाजी पडवीत खुर्चीवर बसला होता. समोर पिवळं पडत आलेलं भात. साळुबाईनं त्याला कांबळ्यात नीट गुंडाळलं होतं, लहान पोराला गुंडाळावं तसं. ह्यांनी त्याच्यासमोर पाट ठेवला, पाटावर चेतक.

"चिम्या, बघ कोन आलंय."

चिमाजी बघत राहिला. भिंतीकडे बघावं तसा. ह्यांनी पंखा फिरवून दाखवला. शेपटावरचा नंबर दाखवला. वादळाची गोष्ट सांगितली, त्सुनामीची सांगितली, शेवटी भंगाराची सांगायला लागले आणि मध्येच थांबले. साळुबाई पदरानं त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसत होती.

"राहू द्या भाऊ. तुमी लई केलं."

हे चेतक उचलायला वाकले आणि ह्यांना दोरा दिसला. माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला टेकले. दोरा तोडायला ह्यांनी हात पुढं केला.

चिमाजीनं तो हात बाजूला सारला. डाव्या हातानं, चांगला जोरात.

मग त्याच हाताचं बोट चाकापाशी गेलं. चाचपलं. दोऱ्याचं टोक सापडलं तसं त्यानं ओढलं, आणि माझी सरकगाठ एका झटक्यात सुटली. दोरा बोटाला गुंडाळून त्यानं हात उंच केला, डोक्याच्याही वर, आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हात खाली येईना.

ह्यांना काही उमजेना. "काय रं? काय पाहिजे चिम्या? पानी?"

मला मात्र लख्ख उमजलं. उन्हाळ्यापासून तीच कुंडली ऐकत भाकऱ्या थापल्या होत्या मी.

"अहो, अंगठा!" मी ओरडलेच. "अंगठा दाखवा! तो तुमची वाट बघतोय!"

ह्यांनी अंगठा वर केला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण अंगठा ताठ.

चिमाजीनं तो नीट बघून घेतला. हात खाली आणला. मग शेजारी उभ्या असलेल्या साळुबाईचं मनगट त्याच दोऱ्याच्या बोटांनी धरलं, तिला खाली ओढलं आणि स्वतःही मान वाकवली.

साळुबाई वाकली ती वाकलीच. मी तिला उठवायला गेले तर तिनं मान न उचलताच मला मागं सारलं.

"राहू दे बाई," म्हणाली. "मला धरलंय त्यांनी."