सरांचा फ्लेक्स

सिद्रामप्पा सरांच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं काम केलं. आमचं अर्धं मंद्रूप गाव ज्या ज्वारीची भाकरी खातं, तिचं कमी पाण्यात तग धरणारं वाण सरांनी काढलं. हे सांगत मी शाळा पालथ्या घातल्या, वर्तमानपत्रांच्या ऑफिसात बसून राहिले. कुणाला फुरसत नव्हती. शेवटी संतापून बाजाराच्या दिवशी चौकात फ्लेक्स लावला. सरांचा फोटो, खाली त्यांचं काम, बाकी काही नाही. बघायला या म्हणून सरांनाही फोन केला.

दुपारी येऊन पाहते तर फोटोला झेंडूचा हार. मेंढरं विकायला आलेले मायाप्पा हात जोडून उभे होते.

"कवा गेलं ओ?" त्यांनी विचारलं.

"गेले नाहीत. जिवंत आहेत."

"मग इलेक्शनला उभं हायत?"

"नाही."

"मग वाढदिवस असंल की."

"नाही हो. शास्त्रज्ञ आहेत. तुम्ही सकाळी खाल्लेली भाकरी त्यांच्याच ज्वारीची. खाली लिहिलंय, वाचा की."

"ज्वारी तर आमच्या रानातली हाय," म्हणत मायाप्पांनी मेंढरं हाकली. वाटेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते म्हणाले, "आजोबा, सरका जरा."

म्हातारा सरकला. ते सर होते.

मी हार ओढून काढला आणि रडत फ्लेक्सची दोरी तोडायला लागले.

"फाडू नकोस," सर म्हणाले. "नीट गुंडाळून ठेव. पुन्हा छापायला नको."