दोरेबाबाच्या हाताला डास का चावत नव्हते

तिकीट एजंटच्या दुकानामागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टीत मायदेशी निघालेली आमची माणसं दोरेबाबापुढे दाटीवाटीने बसली होती. मध्ये डासांनी भरलेला काचेचा डबा. एका ड्रायव्हरने त्यात हात घातला आणि बोंबलतच बाहेर काढला. मग बाबाने काळा दोरा बांधलेला आपला हात घातला. एक डास बसेल तर शपथ!

"दोरा मनगटात, ताप पाताळात!" बाबा गरजला. "सुया कशाला टोचून घेता? गोळ्या कशाला गिळता?"

माझं औषधांचं दुकान त्याच गल्लीत. धाकट्या बहिणीला मी बजावलं, "निघण्याआधी डॉक्टरांना भेट. हिवताप होऊ नये म्हणून गोळ्या देतील. तू घे, भिंगरीलाही दे." भिंगरी म्हणजे तिची लेक, इथेच परदेशात जन्मलेली.

"दादा, तू पण ना! आपण तिथलेच. आपल्याला काय होतंय? आणि दोरा बांधलाय की दोघींना."

अगं बाई, इतकी वर्षं बाहेर राहिलं की शरीर तो ताप विसरतं! पोरीच्या अंगाला तर त्याची ओळखच नाही. घसा फोडून सांगितलं. तिने हसण्यावारी नेलं.

परत आल्यावर भिंगरी तापली. हवा बदलली म्हणून असेल, असं म्हणत घरीच ठेवली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा हिवताप मेंदूत गेला होता. पोर गेली. नर्सने तिच्या मनगटावरचा दोरा कापून बहिणीच्या हातात दिला.

तो मुठीत धरून बहीण बाबाच्या खोलीत गेली. पाठोपाठ मी, या वेळी थेट बाबाच्या पुढ्यात. तोच डबा, तशीच गर्दी. बाबाने बाही वर केली आणि मला ओळखीचा वास आला.

"अरे, हे डास पळवायचं मलम आहे! माझ्या दुकानात मिळतं!" मी ओरडलो. "साबणाने हात धुवायला लावा याला!"

"पाप्या, श्रद्धेची परीक्षा घेतोस?"

पण गर्दीतल्या दोघांनी त्याला मोरीवर नेलं, हात खसखसून धुतला आणि दोऱ्यासकट डब्यात घातला. डास तुटून पडले. बाबा "आई गं" करत नाचायला लागला. कोणी हसलं नाही.

"घरी जरूर जा," मी सगळ्यांना म्हणालो. "पण तिकीट काढलंत की आधी डॉक्टरांकडे जा. कुठे चाललोय ते सांगा, गोळ्या घ्या, मच्छरदाणीत झोपा. परतल्यावर ताप आला तर घरी थांबू नका. हात जोडतो."

बहिणीने दोरा बाबाच्या पुढ्यात टाकला.

"डास कशाने चावत नाहीत, ते तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग माझ्या पोरीला बोटभर मलम का नाही लावलंस रे?"