दोघींपुरते मुठिये

मानमोडीच्या तापाच्या साथीनं नंदुरबारातल्या पिंजाऱ्यांच्या गल्लीत एकही घर सोडलं नाही, पण हाजराबीचं घर जसं धुऊन नेलं तसं कुणाचं नेलं नाही. दसऱ्याला त्या घरात सात माणसं जेवायला बसत होती, दिवाळीला दोन उरली. आधी हाजराबीचा नवरा गेला. मग धाकटे दोन्ही मुलगे एकाच दिवशी, त्यांच्यामागून मुलगी, आणि सगळ्यांत शेवटी थोरला शब्बीर, अमिनाचा नवरा. कापूस पिंजून पिंजून त्याची छाती आधीच अधू झाली होती. तापानं तीन दिवससुद्धा घेतले नाहीत.

हाजराबीची ही सून, अमिना, एकोणीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नवरा गेला त्या दिवसापासून ती इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. इद्दत हाजराबीलाही होती, पण घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून बाहेरची कामं तीच करायची. स्वयंपाकघराला छपराजवळ एक झरोका होता, त्यातून सकाळी घडीभर ऊन यायचं. ते चुलीवरून सरकत पाट्यापर्यंत आलं की अमिना मनात म्हणायची, आणखी एक दिवस गेला.

तिचा भाऊ मुनव्वर नवापूरला लाकडाच्या वखारीत कामाला होता. इद्दत संपली की तो येईल आणि आपल्याला घेऊन जाईल, या एका गोष्टीवर तिनं ते सगळे दिवस काढले. इद्दत संपायला दीड महिना उरला तेव्हा ती सासूला म्हणाली होती, "अम्मा, मशिदीतल्या मुन्शींकडून भाईजानला एक कार्ड लिहून घ्या ना. जुमेरातीला इद्दत संपते, जुम्म्याच्या सकाळच्या गाडीनं या म्हणावं."

हाजराबीनं डोक्यावर चादर घेतली आणि गेली. परत आल्यावर म्हणाली, "टाकलं कार्ड."

अखेर तो गुरुवार, ती जुमेरात उजाडली. हाजराबी सकाळपासून कुठंतरी हरवल्यासारखी होती. दोनदा अंगण झाडून झालं, तिसऱ्यांदा पुन्हा केरसुणी हातात घेतली. दुपारी एकदम म्हणाली, "आज खिम्यात मुठिये कर. कसायाकडं जाऊन येते. बड्या जनावराचा ताजा खिमा मिळाला तर बघते."

त्या घरात साथीनंतर मांस शिजलंच नव्हतं. अमिनाला वाटलं, आपण उद्या जाणार म्हणून म्हातारीचं मन भरून आलंय. हाजराबी कधी गोड बोलणारी बाई नव्हती, पण एवढ्या दिवसांत तिनं सुनेला एकदाही अपशकुनी म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तेव्हा त्यांना तिनं दारातून परत पाठवलं होतं.

हाजराबी गेली आणि थोड्याच वेळात दाराची कडी वाजली. सुपडू डाकवाला होता. अमिना दाराआडच्या गोणपाटाच्या पडद्यामागं उभी राहिली.

"नवापूरनं कार्ड शे," सुपडू बाहेरून म्हणाला. "हाजराबी घरमा नही का?"

"बाहेर गेल्यात."

"वाची देऊ का?"

गल्लीत कुणालाच वाचता येत नव्हतं. कार्ड आलं की सुपडूच वाचून दाखवायचा. अमिना हो म्हणाली. भाऊ कोणत्या गाडीनं येतोय ते कळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

सुपडू सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचू लागला. वखारीच्या कारकुनानं लिहिलेलं होतं. सलाम, खुशाली. मग, "अमिनाने चुलत दीर लतीफ यांच्याशी निकाहास रुकार दिल्याचे आपल्या पत्रावरून कळले. फार समाधान झाले. येथे जागेची अडचण असून आमच्या कुटुंबाचे तिसरे बाळंतपण आहे. तिला येथे आणून कसे होईल या काळजीत होतो. जुम्म्यास निकाहाला येणे रजेअभावी जमत नाही. अल्ला सर्वांचे भले करो."

वाचून झाल्यावर सुपडू चाचरला. "असंच लिखेल शे, बहीन. मन्हं काय चुकनं का?"

"नाही दादा," अमिना म्हणाली. "खाली ठेवा ते."

पडद्याखालून कार्ड आत सरकलं. तिनं ते उचललं, उलटसुलट पाहिलं. अक्षरांच्या ओळी मुंग्यांसारख्या दिसत होत्या. तिनं ते चोळीत खोचलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

लतीफ चाळिशीचा होता. बायको साथीतच गेलेली, मागं तीन मुलं. इद्दतीच्या पहिल्या महिन्यात तो हाजराबीला भेटायला यायचा तेव्हा पुढच्या खोलीतून त्याचा आवाज ऐकू यायचा. घराच्या भिंती कुठवर आहेत, छपराची कौलं कधी फेरली, असं काहीबाही विचारायचा. तेव्हा अमिनाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुतण्या आहे, चौकशी करतोय.

आता ती एकेक गोष्ट जुळवत राहिली. सासूनं फसवलं याचा राग होताच. पण त्याहून खोल लागली होती ती भावाची ओळ. फार समाधान झाले. चार महिने ज्या दाराकडं डोळे लावून बसली, त्या दारामागं भिंतच होती. हाजराबीनं खरं तेच लिहिलं असतं तरी मुनव्वर आला असता का, हे आता तिला सांगता येईना.

हाजराबी परत आली. पळसाच्या पानात बांधलेला पावशेर खिमा तिनं पाट्याशेजारी ठेवला. "जरा जाड राहिलाय. पुन्हा टेचून घे."

अमिनानं मान हलवली. लाकडी ठोकळ्यावर खिमा पसरून ती सुरीनं टेचू लागली. टक, टक, टक. हाजराबी दाराशी टेकून बसली आणि मेथी निवडू लागली. दोघींच्या मधे चुलीचा धूर होता.

इतके दिवस झाले तरी अमिनाच्या हाताला सवय लागली नव्हती. पीठ घ्यायला गेली की हात सातजणांचं माप काढायचा, मग अर्ध्याहून अधिक परत डब्यात. आजही तिनं ज्वारीचं पीठ परातीत ओतलं आणि थांबली. ओंजळीनं परत काढलं. त्यात मूठभर गव्हाचं पीठ घातलं, नाहीतर मुठिये रश्श्यात फुटतात. बारीक चिरलेली मेथी, तीळ, मीठ, लसणाचं तिखट, तेलाची धार. पाणी बेतानं. घट्ट मळून तिनं एकेक गोळा मुठीत दाबला, चार बोटांचे ठसे उठवले आणि ताटलीत मांडला. मोजले नाहीत तरी दिसत होतं, दोघींना पुरतील एवढेच.

मोठी देगची खुंटीवर होती. तिनं लहानगी काढली. तेलात कांदा लाल केला, आलं-लसूण घातलं, भाजलेल्या खोबऱ्याचा काळा मसाला पाट्यावरून निपटून टाकला. वास उठला तशी हाजराबीनं डोळे मिटले. खिमा पडला, पाणी सुटलं, आटलं, तेल वर आलं. मग अमिनानं गरम पाणी ओतलं आणि खळखळ उकळी येईपर्यंत वाट पाहिली. एकेक मुठिया हलक्या हातानं आत सोडला.

"हलवू नकोस आता," हाजराबी म्हणाली.

"माहीत आहे."

झाकण ठेवून तिनं वर चार निखारे ठेवले. आणि मग काहीच करायचं उरलं नाही. आतून बुडबुड आवाज येत राहिला. अमिनाला वाटलं, उठावं, दार उघडावं आणि स्टेशनाच्या रस्त्यानं चालायला लागावं. पण गाडीत बसून उतरायचं कुठं? नवापूरला उतरून ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याचं कार्ड तर तिच्या चोळीत टोचत होतं. ती तशीच बसून राहिली.

सूर्य मावळला, मगरीबची बांग झाली. इद्दत संपली. हाजराबीनं नमाज पढली, दिवा लावला. अमिनानं दोन थाळ्यांत वाढलं. मुठिये शिजून फुगले होते, एकही फुटला नव्हता.

हाजराबीनं एक घास घेतला, दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "शब्बीरला..." एवढंच ती म्हणाली.

"भाईजानचं कार्ड आलंय," अमिना म्हणाली.

हाजराबीचा हात थाळीतच राहिला.

"सुपडूदादांनी वाचून दाखवलं. उद्या माझा निकाह आहे म्हणे."

म्हातारी थाळी बाजूला सारून म्हणाली, "आज मीच सांगणार होते तुला. जेवण झाल्यावर. तुझी सौगंध."

"दीड महिना होता तुमच्याकडं, अम्मा."

"लतीफ म्हणाला, घरात माझा हिस्सा आहे. मुलगे उरले नाहीत, आता पुतण्याचा हिस्सा कायद्यानं आहेच. म्हणाला, अमिना माझ्याशी निकाह लावत असेल तर सगळे एकत्र राहू, फुकटची वाटणी कशाला. नाहीतर मी भिंत घालीन, म्हणाला. तू गेलीस की मी एकटी. माझ्या पोटची चार लेकरं मातीत गेली, बेटी. या घरात एकटीनं रात्र कशी काढायची? तू सांग."

"म्हणून मला द्यायचं?"

"मला वाटलं, तुला तरी कुठं जागा आहे."

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं, पण अमिनाला ते सुरीसारखं लागलं. कारण ते खरं होतं. ती थाळीतल्या मुठियाकडं बघत राहिली. मग तिनं तो मोडला, खाल्ला, आणि थाळी पुसून संपवली. दिवसभराची भूक होती. हाजराबीनंही मग आपली थाळी पुढं ओढली. दोघींनी एकमेकींकडं न बघता जेवण उरकलं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर माणसं आली. पुढच्या खोलीत लतीफ, काझी आणि गल्लीतले चारपाच जण बसले. काझींचा माणूस दोन साक्षीदारांना घेऊन मधल्या दाराच्या पडद्याशी आला. आत अमिना बसली होती, शेजारी हाजराबी. हाजराबीनं तिच्यासाठी ट्रंकेतून हिरवी ओढणी काढून ठेवली होती. ती घडीसकट तशीच पडली होती.

त्यानं बायकोला द्यायच्या मेहरची रक्कम सांगितली, लतीफचं नाव घेतलं आणि विचारलं, "बाई, तुला कबूल आहे?"

सगळी गल्ली बाहेर कान देऊन बसली होती. नाही म्हटलं तर पुढं काय, याचं एकही उत्तर तिच्याकडं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" बाहेरून लतीफनं विचारलं. "लाजत असेल. गप्प राहिली म्हणजे होच की."

काझींच्या माणसानं पुन्हा विचारलं. या वेळी ती उभी राहिली आणि पुढच्या खोलीत जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला कबूल नाही. मी कुणाला हो म्हटलेलं नाही."

बाहेर गलका उठला. लतीफचा आवाज चढला. "चाची! तुम्ही शब्द दिला होता मला! सांगा यांना!"

अमिनानं सासूकडं पाहिलं. दोन्ही हातांनी ती पदराचा पीळ करत होती. एक शब्द, फक्त पोरगी बावचळली आहे असं ती म्हणाली असती, तरी बाहेरच्यांनी पुढचं रेटून नेलं असतं.

"शब्द मी दिला होता," हाजराबी म्हणाली. "तिनं नाही. ती नाही म्हणतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

काझी वयस्क होते. त्यांनी वही मिटली आणि उठले. "जबरदस्तीचा निकाह मी लावत नाही," एवढं बोलून त्यांनी जोडे घातले.

लतीफ गेला. पुढच्या आठवड्यात गवंडी घेऊन आला. पुढची खोली, ओसरी, अंगण आणि रस्त्याकडचं दार त्यानं आपल्या हिश्शात घेतलं. पंच म्हणाले, बेवा बायका आहेत, जरा वाट राहू दे. तो म्हणाला, कायद्यानं जेवढं माझं तेवढंच घेतोय. चार दिवसांत भिंत छपराला भिडली. हाजराबी आणि अमिना मधली खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात कोंडल्या गेल्या. रस्ता दिसेनासा झाला. पलीकडून लतीफच्या पोरांचं रडणं-हसणं तेवढं ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी अमिनानं झरोक्यातून हाक मारून शेजारच्यांची पहार आत घेतली आणि गटाराकडच्या मागच्या भिंतीला घातली. हाजराबी निखळलेल्या विटा उचलून बाजूला रचत होती. माणूस वाकून जाईल एवढं भोक पडायला संध्याकाळ झाली. त्याला त्यांनी गोणपाट लावलं.

मुनव्वर महिन्यानं आला. त्याच गोणपाटातून वाकून आत आला, तांदळाची पिशवी ठेवली, तासभर बसला. "आता अम्मांनाही तुझ्याशिवाय कोण आहे," तो म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. घेऊन जातो असं तो म्हणाला नाही, आणि अमिनानंही विचारलं नाही.

पावसाळ्याआधी दोघी गाद्या शिवायला बसू लागल्या. कापूस हाजराबी पिंजायची, शिवण अमिना घालायची. मधल्या खोलीत तंतू उडायचे, झरोक्यातून बाहेर जायला त्यांना वाट पुरायची नाही, आणि दोघी तोंडाला पदर बांधून, खोकत, पाठीला पाठ लावून काम करायच्या. हाजराबी त्यानंतर नऊ वर्षं जगली. तेवढी सगळी वर्षं अमिना त्या दोन खोल्यांत तिच्याबरोबर राहिली.