खिडकीतले दोन कप

सकाळी सातला मदतनीस साहेबरावांनी कमरेची किल्ली काढून वैद्यकीय कॉलेजातल्या विच्छेदनगृहाचं, म्हणजे प्रेतं चिरायच्या खोलीचं, कुलूप उघडलं. मागोमाग कस्तुरा आत आली. मॅट्रिक झालेली लेक आजपासून याच शरीररचना विभागाच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. तळवड्याच्या घरापासून आकुर्डीच्या कॉलेजापर्यंत बापाची छाती फुगलेली होती. टेबलावरच्या प्रेताचा उलगडलेला हात पाहून कस्तुराने विचारलं,

"बाबा, ह्या सगळ्या नसा तुम्हीच मोकळ्या केल्या?"

"इंग्रजी नावं सायबांस्नी येत्यात. नस कुठं लपली ती मला ठावं."

खोटं नव्हतंच ते. विभागप्रमुख डॉ. दौलतराव इनामदार मोठा विद्वान, म्हणजे भाषणांत. "कातडीखाली माणूस सगळा सारखाच!" असं दर गणेशोत्सवात सांगून हार घालून घ्यायचा. चिरफाड साहेबरावांची, शाबासकी याची. वा रे पंडित!

दहा वाजता बापलेक चहाला गेले. फळीवर सोनेरी काठाचे कप मांडलेले होते, ते साहेबलोकांचे. साहेबरावांचा तुटक्या कानाचा कप खिडकीत. सोळा वर्षं ते तो स्वतः विसळून तिथंच ठेवत आले होते, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज शिपाई मारुतरावाने त्याशेजारी दुसरा तसलाच कप ठेवला.

"पोरीचा. फळीला हात लावू नको म्हनावं. वरनं हुकूम हाय, राव. माझ्यावर रागावू नका."

कस्तुरा एकदा खिडकीकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. "घरी मला मान ताठ ठेव म्हणायचात. आणि इथं हे?"

"नोकरीपायी गिळलं, बाये," साहेबराव कसेबसे म्हणाले. स्वतःचा अपमान त्यांना पचला होता. लेकीचा घशाखाली उतरेना.

दुपारी विद्यापीठाची तपासणी समिती आली. टेबलावरचा उलगडलेला हात पाहून समितीचे प्रमुख हरखून गेले. "काय सफाई! कोणाचं काम?"

"माझ्याच देखरेखीखालचं," इनामदार लाजल्यासारखं हसला. मग ऑफिसात चहा मागवला.

ट्रे साहेबरावांनी मारुतरावाच्या हातून काढून घेतला. पाहुण्यांपुढे फळीवरचे कप ठेवले आणि इनामदारापुढे खिडकीतला आपला कप, चहा भरून.

इनामदाराचा हात हवेतच थांबला. "हा... हा कप?"

"विसळलेला हाय, सायेब. सोळा वर्सं मीच विसळतो."

"घ्या की डॉक्टर, निवतोय!" प्रमुख म्हणाले.

घेणार कसा? आणि नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार! शेवटी साहेबरावांनीच सांगितलं, "त्यो माझा कप हाय. सायबांस्नी माझा विटाळ व्हतो. आजपासनं माझ्या लेकीचाबी व्हनार म्हनं."

प्रमुखांनी इनामदाराला खडसावलं असेल असं वाटतंय का? छे! त्यांनी आपला कप अलगद फिरवून पाहिला आणि हळूच विचारलं, "हा... फळीवरचाच ना?"

थू असल्या पदव्यांवर!

"आमचे कप फळीवर लागल्याबिगर चिरफाडीच्या खोलीचं कुलूप उघडायचं न्हाई. नोकरी घ्यायची तर घ्या," साहेबराव म्हणाले, आणि विच्छेदनगृह बंद करून लेकीसह पायरीवर जाऊन बसले.

दोन वाजता चाळीस विद्यार्थी पांढरे कोट घालून दारात जमले.

"साहेबराव, बंद का?"

"चहाच्या खोलीतली खिडकी बघून या."

सगळे जाऊन बघून आले. तिघं कोट सावरत बापलेकीशेजारी पायरीवर बसले. उरलेले सदतीस उभ्या उभ्या एकमेकांना विचारत होते, आजच्या हजेरीचं काय?

वाचकहो, तुम्ही खरं सांगा. तुम्ही बसला असता, की हजेरी विचारली असती?